शेवटच्या घराचा रंग

बुद्धिबळाचा सामना पाहून मुलगा घरी जातो. अम्मी विचारते, "कोण जिंकलं?" मुलगा म्हणतो, "कोणीच नाही. बरोबरी झाली." अम्मी "बरं" म्हणते आणि कामाला लागते. बरोबरी झाली म्हणजे काही घडलेच नाही, असा आपला समज असतो. माझाही तसाच होता. पण मागच्या हिवाळ्यात आमच्या गावातल्या बुद्धिबळ मंडळात मी एक डाव पाहिला. पावणेचार तास चाललेला तो डाव बरोबरीत सुटला, आणि त्यानंतरचे दोन दिवस माझ्या डोक्यातून तो गेला नाही. तोच डाव आज तुम्हांला समजावून सांगायचा आहे.

आधी थोडे शब्द पाहू. मित्रांनो, बुद्धिबळाची मराठी शिकायला तुम्हांला जड जाणार नाही, कारण तिच्यातले निम्मे शब्द तुमच्या घरातलेच आहेत. शह, मात, वजीर, प्यादे, मोहरा हे शब्द मराठीत आणि उर्दूत सारखेच चालतात. संस्कृतातला 'चतुरंग' इराणात जाऊन 'चतरंग' झाला आणि अरबांकडे जाऊन 'शतरंज' झाला. मराठीने मात्र खेळाला 'बुद्धिबळ' हे स्वतःचे नाव ठेवले. पटाच्या कोपऱ्यात उभा राहून सरळ चालतो तो हत्ती. तिरपा चालतो तो उंट. पटावरच्या चौकटीला मराठीत 'घर' म्हणतात. घरे एकूण ६४. त्यांतली ३२ पांढरी आणि ३२ काळी. आजच्या गोष्टीत या रंगांचे काम मोठे आहे, म्हणून ही गोष्ट ध्यानात ठेवा : उंट तिरपा चालत असल्यामुळे ज्या रंगाच्या घरावर तो जन्मतो, त्याच रंगाच्या घरांवर त्याचे सारे आयुष्य जाते. पांढऱ्या घरातला उंट काळ्या घरात कधीही पाय ठेवू शकत नाही.

घरांना पत्तेही असतात. उभ्या पट्ट्यांना डावीकडून ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी नावे आणि आडव्या रांगांना १ ते ८ आकडे. भूमितीच्या तासाला तुम्ही बिंदूचे सहनिर्देशक काढता, तसेच हे आहे. एखादे घर कोणत्या रंगाचे हे पट न पाहता सांगायचे असेल, तर अक्षराचा क्रमांक आणि रांगेचा आकडा यांची बेरीज करा. बेरीज सम आली तर घर काळे, विषम आली तर पांढरे. जी-२ म्हणजे ७ अधिक २, नऊ. म्हणून पांढरे. एच-८ म्हणजे ८ अधिक ८, सोळा. म्हणून काळे. ही दोन घरे विसरू नका. संपूर्ण डाव या दोन घरांमध्ये अडकलेला आहे.

सामना दोन मंडळांचा होता. प्रत्येकी चार खेळाडू, चार पट. जिंकणाऱ्याला एक गुण, बरोबरीला अर्धा. तीन डाव संपले तेव्हा आमच्या मंडळाचे दोन गुण होते आणि पाहुण्यांचा एक. चौथा डाव उरला होता. त्यात आमच्याकडून काळे मोहरे घेऊन बसला होता यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर म्हणून काम करणारा एक तरुण. रात्रपाळी करून, दोन तास झोप काढून तो आला होता. समोर पांढरे मोहरे घेतलेले काका शेजारच्या तालुक्याचे, निवृत्त पोस्टमास्तर. चष्मा कपाळावर चढवून पटाकडे पाहायची त्यांची सवय होती. दोघेही मंडळात खेळणारे साधे खेळाडू. कोणाच्या नावापुढे पदवी नाही. तरुण हरला असता तर सामना दोन-दोन असा सुटला असता. त्याने अर्धा गुण आणला असता तरी आम्ही अडीच-दीडने जिंकत होतो. म्हणजे त्या संध्याकाळी अर्ध्या गुणाची किंमत पुरी होती.

बहुतेक नवशिके पहिल्याच चालीत राजापुढचे किंवा वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे ढकलतात. पटाच्या मधली चार घरे ताब्यात घ्यायची, हा त्यामागचा विचार. काकांनी तसे केले नाही. त्यांनी जी-१ चा घोडा एफ-३ वर काढला. काळ्याने वजिरापुढचे प्यादे डी-५ वर आणले. मग काकांनी जी-पट्टीवरचे प्यादे फक्त एक घर सरकवले आणि रिकाम्या झालेल्या जी-२ या घरात उंट नेऊन बसवला. काळ्याने घोडा एफ-६ वर काढला, ई-पट्टीवरचे प्यादे एक घर पुढे केले, उंट ई-७ वर ठेवला. दोघांनी किल्लेकोट केला. काकांनी सी-पट्टीवरचे प्यादे सी-४ वर नेऊन डी-५ ला टोचणी लावली. पाच-सहा चाली झाल्या, पण मधल्या चार घरांत पांढऱ्याचा एकही मोहरा नव्हता.

याला बगलेची सुरुवात म्हणतात. तुम्ही पहलू म्हणता, तीच ही बगल. मधे घुसायचे नाही, बाजूला उभे राहून मधल्या घरांवर दुरून मारा धरायचा. जी-२ वर बसलेल्या उंटाचा रस्ता पाहा : एफ-३, ई-४, डी-५, सी-६, बी-७ आणि थेट समोरच्या कोपऱ्यातले ए-८. पटाच्या दोन लांब कर्णांपैकी हा एक. वाटेत उभा असलेला आपलाच घोडा हलला, की दार उघडल्यासारखा हा रस्ता मोकळा होतो. उंट असा कडेच्या घरात बसवण्याला 'फियांकेटो' असे नाव आहे. ते इटालियन भाषेतल्या 'फियांको' या शब्दावरून आले, आणि त्याचाही अर्थ बगलच.

ही पद्धत एका दिवसात मान्य झालेली नाही. इंग्लंडच्या हॉवर्ड स्टाँटन यांनी १८४३ मध्ये फ्रान्सच्या सेंट-आमाँ यांच्याविरुद्ध सी-पट्टीवरच्या प्याद्याने डाव सुरू केले, म्हणून त्या सुरुवातीला आजही 'इंग्लिश' म्हणतात. आपल्या देशाचाही यात वाटा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बंगालमधले महेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कॉक्रेन या स्कॉटिश खेळाडूशी अनेक डाव खेळले. जुन्या देशी नियमांत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाई. त्या सवयीने खेळणारे बॅनर्जी उंट बगलेला बसवत. ते डाव युरोपात पोहोचले, आणि पुढे त्या धाटणीच्या बचावांना 'इंडियन' हे नाव पडले. तरी बहुतेक मोठे खेळाडू बगलेच्या खेळाकडे संशयानेच पाहत. तो संशय १९२४ मध्ये न्यूयॉर्कला बराचसा दूर झाला. विश्वविजेता कापाब्लांका आठ वर्षे एकही डाव हरला नव्हता. रिचर्ड रेटी या खेळाडूने त्याला तिथे हरवले, आणि सुरुवात केली होती ती घोडा एफ-३ वर काढून, बगलेकडून. काकांनी जी सुरुवात केली तिला रेटीचेच नाव आहे.

आता पुन्हा आमच्या पटाकडे येऊ.

काळ्याने सी-४ वरचे प्यादे खाल्ले. काकांनी वजीर फिरवून ते परत घेतले. पण या देवाणघेवाणीत डी-५ चे घर रिकामे झाले, आणि पुढे काकांनी एफ-३ चा घोडा ई-५ वर उडवला तेव्हा जी-२ च्या उंटासमोर बी-७ पर्यंत काही आडवे उरले नाही. बी-७ वर काळ्याचे एक प्यादे उभे होते. त्याच्या पहाऱ्याला काळ्याचा सी-८ वरचा उंट बांधला गेला. पहारेकरी जागेवरून हलला की प्यादे जाणार, आणि हलला नाही तर हत्तीला वाट नाही. तुमच्यापैकी ज्याला धाकट्या भावाला सांभाळत मैदानाच्या कडेला बसावे लागते, त्याला त्या उंटाचे दुःख कळेल.

विसाव्या चालीच्या सुमारास तरुणाने बरोबरी सुचवली. याचीही रीत आहे. आधी आपली चाल करायची, मग विचारायचे, मग घड्याळाचे बटण दाबायचे. समोरचा विचार करत असताना मधेच विचारणे असभ्यपणाचे समजतात. काकांनी चष्मा खाली घेतला, हसले आणि म्हणाले, "एवढ्यात कुठं? खेळू या अजून."

काकांचे बरोबर होते. त्यांची बाजू सरस होती. वजीर गेले, हत्ती गेले, बी-७ चे प्यादेही गेले. त्यानंतर तीस चालींचा खेळ रटाळ होता, तो मी सांगत बसत नाही. एवढेच सांगतो की त्या ओघात काकांनी जी-पट्टीवरचे आपले प्यादे काळ्याच्या शेवटच्या प्याद्याशी बदलून टाकले. ती चाल सगळ्यांना सोपी आणि बरोबर वाटली. मलाही.

५८ व्या चालीला पट असा होता. तुमच्याकडे पट असेल तर मोहरे मांडा. पांढरा राजा सी-६ वर, उंट ई-४ वर, दोन प्यादी : एक ए-५ वर, दुसरे एच-५ वर. काळा राजा एफ-८ वर आणि एकटा घोडा सी-४ वर. चाल पांढऱ्याची. म्हणजे काकांकडे दोन प्यादी जास्त. काळ्याच्या घड्याळात सात मिनिटे. आमच्या मंडळाच्या सचिवांनी खुर्च्या उचलायला सुरुवात केली होती.

घोडा ए-५ च्या प्याद्यावर नजर ठेवून होता. काकांनी त्याचा बंदोबस्त केला. उंट एक घर पुढे नेऊन डी-५ वर ठेवला आणि घोड्यालाच खिंडीत गाठले. ही चाल फार विचार करून केलेली होती. घोडा पळाला तर प्यादे पुढे धावणार. आणि घोड्याने ए-५ चे प्यादे खाल्ले तर? पाहा, ए-५ वरून घोड्याला चारच घरे असतात : बी-३, सी-४, सी-६ आणि बी-७. डी-५ वरचा उंट एकटा ही चारही घरे राखतो! सापळा सुरेख होता. घोडा आत शिरला की बाहेर यायची वाट नाही. मी माझ्या शेजारी बसलेल्या मुलाच्या कानात म्हणालो, "संपलं."

तरुणाने दोन मिनिटे खर्च केली. मग घोडा उचलला आणि ए-५ चे प्यादे खाल्ले. शह!

काकांचा राजा बी-६ वर आला. घोडा अडकला होता, ठरल्याप्रमाणे. तरुणाने त्याच्याकडे पाहिलेही नाही. त्याने राजा एफ-८ वरून जी-७ वर नेला. काकांनी घोडा मारला. काळा राजा एच-६ वर गेला आणि उरलेल्या प्याद्याच्या अंगावर आला. काकांनी उंट एफ-७ वर आणून ते राखले. काळा राजा जी-७ वर, आता उंटावर हल्ला. उंट जी-६ वर. काळा राजा शांतपणे एच-८ च्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

पांढऱ्याकडे उंट आणि प्यादे. काळ्याकडे फक्त राजा. काकांनी पटाकडे पाहिले. चष्मा कपाळावर गेला, खाली आला. मग त्यांनी हात पुढे केला. बरोबरी.

माझ्या शेजारचा मुलगा उठून उभा राहिला. "सर, असं कसं? त्यांच्याकडे तर उंट आहे!"

त्याचा प्रश्न रास्त होता. एच-पट्टीवरचे प्यादे आठव्या रांगेत पोहोचले तर वजीर होणार. ते पोहोचायचे घर कोणते? एच-८. त्याचा रंग? सोळा, सम, काळा. आणि काकांचा उंट? तो तिसऱ्या चालीत जी-२ वर बसला तेव्हापासून पांढऱ्या घरांचा. साऱ्या डावात ज्याने हुकूमत गाजवली, तो उंट काळ्या राजाला त्या कोपऱ्यातून कधीही हुसकू शकत नाही. तो एच-८ ला शह देऊच शकत नाही. पांढरा राजा मदतीला येऊ दे. समजा तो जी-६ वर आला, प्यादे एच-६ वर, उंट पुन्हा डी-५ वर, काळा राजा एच-८ वर आणि चाल काळ्याची. जी-७ वर प्याद्याचा मारा, जी-८ वर उंटाचा, एच-७ वर राजाचा. काळ्याला एकही चाल नाही, पण शहसुद्धा नाही. यालाच इंग्रजीत स्टेलमेट म्हणतात. तुमच्या उर्दूत त्यासाठी फार चांगला शब्द आहे : जिच. कोणी आपल्याला फार छळले की आपण "जिच केलं" म्हणतो, तोच हा शब्द. बुद्धिबळात जिच झाली की डाव बरोबरीत सुटतो. गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये सतराव्या-अठराव्या शतकांत नियम उलटा होता. जो समोरच्याला जिच करील तोच हरला असे धरत. आपल्या काकांना तो नियम अगदीच परवडला नसता.

आता उलट बाजू पाहा. ए-पट्टीवरचे प्यादे कुठे पोहोचते? ए-८. एक अधिक आठ, नऊ. पांढरे घर! तिथे तर या उंटाचा लांब रस्ताच जाऊन थांबतो. म्हणजे पटावर पांढऱ्याची दोन प्यादी दिसत होती, पण त्यांचे मोल सारखे नव्हते. ए-प्यादे सोन्याचे होते. तरुणाने आपला घोडा देऊन त्यातले सोने तेवढे नेले आणि पितळ काकांच्या हाती ठेवले.

डाव संपल्यावर दोघे उठले नाहीत. चांगल्या मंडळांत ही रीत असते. हरजीत विसरून मोहरे पुन्हा मांडायचे आणि चूक कुठे झाली ते दोघांनी मिळून शोधायचे. मला डावापेक्षा हाच भाग जास्त आवडतो. काकांनी ५८ व्या चालीचा पट मांडला आणि म्हणाले, "उंट हलवायलाच नको होता. प्यादं ए-६ वर सरळ ढकलायचं."

त्यांनी चाली करून दाखवल्या. घोडा ए-५ वर येऊन शह देतो, राजा बी-६ वर जातो. घोडा सी-४ वरून पुन्हा शह देतो, राजा सी-५ वर सरकतो. आता शह संपले. प्यादे ए-७ वर, मग ए-८ वर, वजीर. घोडा वाटेत आडवा पडला तर मरतो. कोठेही पळवाट नाही. एक साधी चाल पुरली असती. पण काकांना घोडा पकडायचा मोह झाला. मला विचाराल तर त्याहून मोठी चूक ती जी-पट्टीवरचे प्यादे बदलण्याची. ते राहिले असते तर घोडा देऊनही काळ्याची सुटका होणे कठीण होते. काकांना माझे म्हणणे पटले नाही. "त्या वेळी कोण एवढ्या पुढचं बघतो, मास्तर?" असे ते म्हणाले, आणि तेही खरेच होते.

"पण तुला हे दिसलं कधी?" काकांनी तरुणाला विचारले.

"आज नाही दिसलं, काका," तो म्हणाला. "तीन वर्षांपूर्वी मीच असा उंट आणि असंच प्यादं घेऊन बसलो होतो. समोरचा पोरगा कोपऱ्यात जाऊन बसला. मी चाळीस चाली मारल्या. तो हलेना. त्या रात्री घरी जाऊन समजलं की का हलत नव्हता."

काका मोठ्याने हसले. मग दोघांनी आपापल्या चालींच्या कागदावर शेवटी अर्धा-अर्धा असे लिहिले आणि एकमेकांच्या कागदावर सह्या केल्या. सचिवांनी उचललेल्या खुर्च्या परत आणून ठेवल्या. चहा आला. आम्ही अडीच-दीडने जिंकलो होतो, याची आठवण कोणाला तरी बऱ्याच वेळाने झाली.

माझ्या शेजारचा तो मुलगा मात्र पटापासून हलायला तयार नव्हता. त्याने पांढरा राजा जी-६ वर ठेवला, प्यादे एच-६ वर, काळा राजा एच-८ वर आणि उंट या घरातून त्या घरात फिरवून पाहू लागला. पाच-सहा वेळा जिच झाली. शेवटी तो चिडून म्हणाला, "काका, हा उंट काळ्या घरांचा असता तर?"

काकांनी उंट उचलला, शेजारच्या काळ्या घरावर ठेवला आणि पट त्याच्याकडे फिरवला.

"आता तू पांढरा," ते म्हणाले. "दाखव जिंकून."